नायक मरत का नाही?

चहूबाजूंनी वार झाले तरी नायकाच्या केसाला धक्का लागत नाही आणि बिचारा मित्र मात्र पहिल्याच फटक्यात जातो. असं का? जपानच्या चित्रकथांचे वाचक या प्रश्नावर गेली पन्नास-पंचावन्न वर्षं हिरिरीनं वाद घालताहेत. त्या वादाच्या पोटात शिरलं की कळतं, कागदावरच्या माणसाचं जगणं-मरणं कुणाकुणाच्या हातात असतं ते!

२४ मार्च १९७०. टोकियोतल्या कोदान्शा या बड्या प्रकाशन संस्थेच्या सभागृहात सुमारे ७०० माणसं जमली होती. त्यात शाळकरी मुलं होती, कॉलेजचे विद्यार्थी होते आणि नुकतीच नोकरीला लागलेली तरुण पोरंही होती. सभागृहात मुष्टियुद्धाचा रिंग उभारला होता. मृताची तसबीर ठेवली होती. बौद्ध भिक्षूचं मंत्रपठण चालू होतं. रिंगणात कायमचा झोपलेल्या खेळाडूला मानवंदना म्हणून दहा वेळा घंटा वाजवतात, तशी ती वाजवण्यात आली. लोकांनी रांगेनं येऊन उदबत्ती वाहिली.

अंत्यसंस्कार चालले होते तोरु रिकीशी याचे. वय कोवळं, मुष्टियोद्धा, सामना जिंकल्यानंतर काही क्षणांतच मेलेला. फक्त एक गोष्ट इतरांहून वेगळी होती. हा रिकीशी कधी जन्मालाच आला नव्हता. तो ‘आशिता नो जो’ म्हणजे ‘उद्याचा जो’ या साप्ताहिक चित्रकथेतला खलनायक होता. खलनायक म्हणायचं, पण नायकापेक्षा लोकांचा लाडका.

हा सोहळा घडवून आणला होता शुजी तेरायामा या नामवंत कवी-नाटककारानं. प्रसिद्धीची युक्ती म्हणून अनेकांनी आधी नाकं मुरडली. पण दारातून आत येणाऱ्यांचे चेहरे प्रसिद्धीसाठी आलेल्यांचे नव्हते. बरोबर आठवड्यानं, ३१ मार्चला, जपानमधल्या ‘लाल सेना गट’ या जहाल संघटनेतल्या नऊ तरुणांनी प्रवासी विमान पळवलं आणि उत्तर कोरिया गाठला. जाण्यापूर्वीच्या निवेदनात त्यांनी स्वतःला ‘उद्याचा जो’ म्हणवून घेतलं होतं! त्या वर्षीच्या जपानमध्ये ही चित्रकथा केवळ पोरासोरांची करमणूक राहिली नव्हती, हे यावरून ध्यानात यावं.

आता रिकीशी मेला कसा, ते पाहू. कारण आजही जगभरचे मांगाप्रेमी (जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात) ज्या तीन गोष्टींवर तासन्‌तास बोलतात, म्हणजे नायकाला मिळणारं अभय, न जुळणारे तपशील आणि परक्याला न कळणाऱ्या जपानी रीतीभाती, त्या तिन्ही या एका मरणात एकत्र सापडतात.

‘उद्याचा जो’ १९६८च्या आरंभी ‘शोनेन मॅगझिन’ साप्ताहिकात सुरू झाली. कथा इक्की काजिवारा यांची, चित्रं तेत्सुया चिबा यांची. काजिवारांची बेसबॉलवरची ‘क्योजिन नो होशी’ ही तुफान लोकप्रिय कथा त्याच साप्ताहिकात चालू होती, म्हणून इथं त्यांनी आसाओ ताकामोरी हे दुसरं नाव घेतलं. जो याबुकी हा अनाथ, भटका, उद्धट पोरगा. टोकियोच्या सान्‌या भागातल्या रोजंदारी मजुरांच्या वस्तीत तो येतो, तिथून बालसुधारगृहात जातो आणि तिथं त्याची गाठ रिकीशीशी पडते. जो डुकरांच्या कळपाला बिथरवून, त्यातल्याच एकावर स्वार होऊन पळायला बघतो आणि रिकीशी त्याला अडवतो. प्रसंग जोरदार. पण इथंच घोटाळा झाला.

चिबांनी रिकीशी काढला तो जोपेक्षा चांगला डोकंभर उंच आणि रुंद खांद्यांचा. एवढ्या धिंगाण्याला एकट्यानं आवरणारा माणूस तसाच दिसायला हवा, हे चित्रकाराचं म्हणणं रास्तच. काजिवारांच्या मनात मात्र पुढे या दोघांची व्यावसायिक रिंगणात गाठ घालायची होती. आणि मुष्टियुद्धात सामने वजनानुसार होतात! जो बॅन्टमवेट गटातला, म्हणजे फार तर साडेत्रेपन्न किलोंचा. समोरचा हा आडदांड गडी त्या गटात बसणार कसा? चित्रं छापून झाली होती, अंक लाखो घरांत पोचला होता. साप्ताहिकाला मागे फिरता येत नाही.

मग चुकीचीच कथा करण्यात आली. जोशी लढायचंच या हट्टापायी रिकीशी आपलं वजन जिवावर उदार होऊन उतरवतो. खाणं बंद, पाणी बंद. एका रात्री तहानेनं वेडा होऊन तो नळांकडे धावतो, तर सगळे नळ तारेनं करकचून बांधलेले. त्याची आश्रयदाती योको कळवळून त्याच्यासाठी कोमट पाण्याचा पेला आणते. तो तिचे आभार मानतो आणि पाणी जमिनीवर ओतून टाकतो. जपानी वाचकांच्या दोन पिढ्यांना हा प्रसंग तोंडपाठ आहे. सामना होतो, रिकीशी जिंकतो. दोघे हस्तांदोलनासाठी समोर येतात, तोच तो कोसळतो. उपासमारीनं पोखरलेल्या शरीराला डोक्यावरचा आघात सोसलेला नसतो.

म्हणजे बघा, सुधारगृहातल्या त्या एका चित्रात उंचीचा हिशेब जमला असता, तर रिकीशीला उपाशी राहावं लागलं नसतं आणि कदाचित कोदान्शाच्या सभागृहात उदबत्त्याही पेटल्या नसत्या. रिकीशीला मारावं की नाही यावर लेखक आणि चित्रकार मद्यालयात इतक्या मोठ्यानं वाद घालत होते की आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना हा खराच खुनाचा कट वाटला, असा किस्सा सांगतात. किस्सा रंगवलेला असेलही. पण ते मरण काढताना चिबांची प्रकृती ढासळली, ही गोष्ट मात्र खरी.

रिकीशी गेला, जो राहिला. वाचकांच्या वादाला खरी सुरुवात होते ती इथूनच. दोघांनीही सारखेच ठोसे खाल्लेले असताना एक मरतो आणि दुसरा का वाचतो? इंग्रजी वाचक याला ‘प्लॉट आर्मर’ म्हणतात. कथानकानं घातलेलं चिलखत, असा त्याचा अर्थ. जपानी शब्द अधिक खोचक आहे, ‘शुजिन्को होसेइ’, म्हणजे नायकासाठी केलेली दुरुस्ती! परीक्षेत आपल्या माणसाचे गुण वाढवून द्यावेत, तसं. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. कर्णाची कवचकुंडलं आपल्याला ठाऊकच आहेत. ‘दीवार’मधला ७८६ क्रमांकाचा बिल्ला तर त्याची हुबेहूब नक्कल, तो खिशात असेतो गोळी लागत नाही, आणि हातातून निसटला की खेळ खलास. आपला फास्टर फेणे किती वेळा संकटात सापडला आणि ‘ट्टॉक’ करून बाहेर आला, याची मोजदाद कुणी केली आहे? फरक इतकाच, की आपण या गोष्टी हसून सोडून देतो. मांगाचा वाचक तसं सोडत नाही. हिशेब मागतो!

या हिशेबाला जपानी संस्कृतीची खूण पटावी लागते, आणि परदेशी वाचक नेमका तिथं अडखळतो. शरद ऋतूत पितृस्मरणाच्या दिवसांत, स्मशानांच्या कडेला फुलणारं लालभडक ‘हिगान्‌बाना’ हे फूल चौकटीच्या कोपऱ्यात दिसलं, की जपानी पोरगं समजून चुकतं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचलेल्या दिसल्या तर तेच. तसा भात मृतापुढे ठेवतात. चारचा आकडा अशुभ, कारण त्याचा एक उच्चार ‘शि’ आणि ‘शि’ म्हणजे मृत्यूही. आपल्याकडे देवापुढचा दिवा फडफडला किंवा पूजेचं ताट हातातून पडलं, की प्रेक्षागृहातली आजी ‘अगं बाई’ म्हणते. अगदी तसंच. अमेरिकेतला किंवा फ्रान्समधला वाचक मात्र तेच पान उलटतो आणि मग तक्रार करतो, हे मरण अचानक कुठून आलं?

जपानी वाचकांनी या खुणांना नावच देऊन टाकलं आहे, ‘मरणाचा झेंडा’. ‘ही लढाई संपली की गावी जाऊन लग्न करणार’ असं जो सैनिक म्हणाला, त्याच्या डोक्यावर झेंडा लागला म्हणून समजायचं. हिंदी सिनेमातला उद्या निवृत्त होणारा हवालदार आठवा!

पोस्टकार्डावरचं मतदान

नायकाला कवच कोण चढवतं? लेखक, हे उत्तर अर्धंच खरं आहे. ‘शोनेन जम्प’ हे जपानचं सगळ्यात खपाचं चित्रकथा साप्ताहिक. १९९५च्या आरंभीच्या एका अंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रती निघाल्या होत्या. त्या अंकांत एक पोस्टकार्ड असे. वाचकानं त्यावर या आठवड्यात आवडलेल्या तीन कथांची नावं लिहून पाठवायची. त्या पत्रांची मोजणी व्हायची आणि त्यावर कथांचं भवितव्य ठरायचं. जी सतत तळाला राहील, ती काही आठवड्यांत गुंडाळली जाई. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या हातात एवढी सत्ता जगात दुसऱ्या कुठल्या साहित्यानं क्वचितच दिली असेल. नायक मेला तर पोस्टकार्डं कशावर येणार? कवचाचं एक साधं, व्यापारी कारण हे आहे.

अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ ते १९९५ या काळात याच साप्ताहिकात चालली. सुरुवातीला ती प्रवासाची, गमतीजमतीची गोष्ट होती. पोस्टकार्डं कमी पडू लागली तेव्हा काझुहिको तोरिशिमा या कडक संपादकाच्या सल्ल्यानं ती कुस्ती-दंगलींकडे वळली आणि जी सुटली ती सुटलीच. या कथेत सात जादूचे गोळे जमवले की मेलेला माणूस परत येतो. साहजिकच वाचकांची एक कायमची तक्रार, मग मरणाला अर्थ काय उरला? नायकाचा मित्र क्रिलिन मूळ कथेत तीन वेळा मरतो! पृथ्वीवरचा जादूचा ड्रॅगन एका माणसाला दुसऱ्यांदा जिवंत करत नाही, मग दुसऱ्या ग्रहावरच्या ड्रॅगनची सोय, हे नियम आणि त्यांच्या पळवाटा चाहत्यांना एखाद्या वकिलासारख्या पाठ असतात.

याच कथेतला एक तपशील वाचकांना फार छळायचा. भविष्यातून आलेला ट्रंक्स नावाचा मुलगा सावध करतो, अमुक दिवशी दोन भयंकर यंत्रमानव येतील. ते येतात. एक म्हातारा, एक ढब्बू. आणि ट्रंक्स तिथं पोचून म्हणतो, हे ते नव्हेतच! पोरं चक्रावली. भविष्य बदललं का? काळाचे दोन प्रवाह आहेत का? वह्याच्या वह्या भरतील इतके तर्क झाले. खरं कारण टेलिफोनचं होतं. तोरिशिमा तेव्हा या कथेचे संपादकही उरले नव्हते, पण अंक वाचून त्यांनी तोरियामांना फोन केला आणि एक म्हातारा आणि एक जाड्या हे काय खलनायक झाले, म्हणून नापसंती कळवली. झालं! मग सतरा आणि अठरा क्रमांकाची तरुण जोडी आली. तीही पसंत पडेना, तेव्हा सेल नावाचा आणखी एक राक्षस आला. त्याचंही रूप नव्या संपादकाला आवडलं नाही, म्हणून ते बदललं. भविष्याच्या गूढ प्रवाहामागे एका घरातला वाजणारा फोन होता, हे तोरियामांनी नंतर स्वतःच मोकळेपणानं सांगून टाकलं. १ मार्च २०२४ रोजी ते गेले, तेव्हा जगभरच्या वाचकांनी त्यांच्यासाठी त्या सात गोळ्यांची आठवण काढली.

कवच चढवणं आणि काढून घेणं, दोन्ही एकाच पात्राच्या बाबतीत घडल्याचंही उदाहरण आहे. हाजिमे इसायामा यांची ‘शिंगेकी नो क्योजिन’ (इंग्रजीत ‘अटॅक ऑन टायटन’, २००९ ते २०२१) ही कथा ‘इथं कुणीही मरू शकतं’ म्हणून गाजली. त्यातली साशा ही खादाड, साधीभोळी शिकारी मुलगी छत्तिसाव्या प्रकरणात मरायची होती. संपादकाला ते सोसलं नाही. त्यानं विरोध केला आणि साशा वाचली. वाचकांना यातलं काही माहीत नव्हतं. ती पुढे जवळपास सहा वर्षं हसली, लढली, बटाटे खात राहिली आणि एकशे पाचाव्या प्रकरणात, सगळे बेसावध असताना, एका लहान मुलीच्या गोळीनं मेली. छत्तिसाव्या प्रकरणात ती गेली असती तर चार दिवस हळहळ झाली असती. सहा वर्षांचा लळा लागल्यावरचं मरण वाचकांना अजून पचलेलं नाही. संपादकानं दया दाखवली की क्रूरपणा केला, असा प्रश्न पडतो.

‘वन पीस’चे एइइचिरो ओडा यांची तऱ्हा आणखी वेगळी. १९९७पासून चाललेल्या या समुद्री चाच्यांच्या कथेत वर्तमानकाळात माणसं सहसा मरत नाहीत. पेल नावाचा एक योद्धा शहर वाचवायला प्रचंड बॉम्ब घेऊन आकाशात उडतो, बॉम्ब फुटतो, लोक रडतात, त्याची कबर बांधतात आणि थोड्या प्रकरणांनंतर हा गडी स्वतःच्याच कबरीपुढे उभा! चाहत्यांनी हा प्रसंग ओडांना आजवर माफ केलेला नाही. ओडा मात्र वाचकांपासून लपत नाहीत. चौथ्या खंडापासून प्रत्येक पुस्तकात ते शंकांचं सदर चालवतात. नायक शत्रूला ठार का करत नाही, या प्रश्नावर त्यांचं म्हणणं असं, की या कथेतली माणसं ज्या स्वप्नासाठी, ज्या निष्ठेसाठी जगतात ती मोडली, की त्यांचा पराभव मरणाइतकाच मोठा. पटो न पटो, उत्तर विचार करून दिलेलं आहे. आणि २०१०मध्ये नायकाचा मानलेला भाऊ एस खरोखरच मेला, तेव्हा जो हाहाकार झाला तो याच संयमामुळे. शंभर वेळा वाचलेले असतात, म्हणून एकाचं जाणं बोचतं.

मग एखाद्या लेखकानं कवच लपवायचं नाहीच असं ठरवलं तर? हिरोआकी सामुरा यांनी ‘मुगेन नो जुनिन’मध्ये (१९९३ ते २०१२) तेच केलं. त्यांचा सामुराई नायक मान्‌जी अमरच आहे. त्याच्या अंगात सोडलेले किडे कापलेलं मांस पुन्हा सांधतात. त्याला शाप असा, की हजार दुष्टांना मारल्याखेरीज त्याला मरण नाही. अमर माणसाच्या लढाईत कसली आली धाकधूक, असा वाद घालणाऱ्यांना सामुरा पानोपानी उत्तर देतात. मान्‌जी वाचतो, पण त्याचा हात तुटायचा तो तुटतोच, आणि त्याच्या आसपासची साधी माणसं मरतात ती कायमची. आपल्या अश्वत्थाम्याला ओळखणाऱ्या वाचकाला यात फार समजावून सांगावं लागत नाही.

या मान्‌जीवरून एक मासलेवाईक पेच उभा राहिला होता. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. इंग्रजी आवृत्ती काढताना पूर्वी सरसकट पानं आरशात पाहावी तशी उलटी छापत. त्यात दोन अनर्थ व्हायचे. सगळे तलवारबहाद्दर एका रात्रीत डावखुरे! आणि दुसरा अधिक गंभीर, किमोनो नेसताना डावी बाजू उजवीवर घेतात. उजवी डावीवर घेतात ती फक्त प्रेताला नेसवताना. म्हणजे उलट्या छपाईत प्रत्येक जिवंत पात्र मढ्याच्या वेषात हिंडायचं आणि ज्याला रीत ठाऊक तो वाचक शहारायचा. मान्‌जीच्या पाठीवर तर ‘मान्‌जी’ हेच चिन्ह आहे, म्हणजे बौद्ध स्वस्तिक, जे जपानी नकाशांवर देवळाची खूण म्हणून सर्रास छापतात. पान उलटं केलं की ते नात्झींच्या चिन्हाच्या दिशेनं फिरणार! अमेरिकन प्रकाशकानं मग पानं उलटी न करता चौकटी कापून पुन्हा जुळवल्या, आणि तरीही आत एक खुलासा छापावा लागला. आपल्या उंबऱ्यावर रांगोळीनं स्वस्तिक काढणाऱ्या बाईला हा सगळा खटाटोप नवलाचा वाटेल. चालू शतकाच्या सुरुवातीपासून परदेशी आवृत्त्या मूळ दिशेनंच छापण्याची प्रथा रुळली, ती बरीचशी चाहत्यांच्या आणि लेखकांच्या आग्रहामुळे.

घरजावई की नाही?

तलवारी आणि राक्षस यांच्यावरच वाद होतात असं नाही. जपानचा सगळ्यात मोठा ‘तपशिलांचा’ वाद झाला तो एका साध्यासुध्या गृहिणीच्या कथेवर. माचिको हासेगावा यांची ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची चित्रमाला १९४६ ते १९७४ या काळात वर्तमानपत्रांतून येत होती. तिच्यावरची दूरदर्शन मालिका १९६९पासून आजतागायत चालू आहे. साझाए, तिचा नवरा, मुलगा, आईवडील, धाकटा भाऊ आणि बहीण असं हे सात जणांचं घर. नावं सगळी समुद्रातली. साझाए म्हणजे शंखातला एक जीव, भाऊ कात्सुओ म्हणजे कुपासारखा मासा, बहीण वाकामे म्हणजे समुद्रशेवाळ. मालवणात एखाद्या घरात बांगडा, सुरमई आणि तिसऱ्या नांदाव्यात तसं!

१९९२मध्ये या कुटुंबाच्या ‘कोड्यां’वर एक पुस्तक निघालं आणि त्याच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. घराचा नकाशा कसा, कोणाचं वय किती, कोण कुठलं, याचा छडा वाचकांनी मूळ चित्रांतून लावलेला. त्यातला एक मुद्दा मराठी घरांत लगेच समजेल. साझाएचा नवरा मासुओ सासुरवाडीला राहतो. सगळा जपान त्याला घरजावई समजे. जपानमध्ये घरजावई झालेला पुरुष बायकोच्या घराण्यात दत्तक जातो आणि तिचं आडनाव लावतो. पण मासुओचं आडनाव आहे फुगुता, सासऱ्यांचं इसोनो. आणि साझाएही फुगुताच! म्हणजे तो दत्तक गेलेला नाही, नुसता तिथं राहतो. का? जुन्या चित्रांत उत्तर सापडतं. नवराबायको आधी भाड्यानं राहत होते. मासुओनं सरपणासाठी कुंपणच करवतीनं कापलं आणि घरमालकानं दोघांना बाहेर काढलं. युद्धानंतरच्या त्या टंचाईच्या काळात जळणाची काय किंमत होती, ते या एका विनोदातून कळतं. पुढच्या पिढ्यांना कुंपण विसरायला झालं, जावई तेवढा लक्षात राहिला. आजही सासुरवाडीला राहणाऱ्या नवऱ्याला तिकडे ‘मासुओ-सान’ म्हणतात.

दुसरा कायमचा घोळ वयाचा. चोरट्या मंडळींनी पाजलेल्या औषधानं लहान झालेला गुप्तहेर कोनान १९९४पासून पहिलीतच आहे. त्याच्याभोवती सार्वजनिक टेलिफोन गेले, स्मार्टफोन आले, शंभराहून अधिक खंड झाले. कोनानची सहामाही परीक्षा काही होत नाही.

ज्यांचं एवढ्यानं समाधान होत नाही ते वाचक स्वतः पेन्सिल उचलतात. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत चाहत्यांनी स्वतः काढलेल्या चित्रकथांचा पहिला बाजार भरला. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं, म्हणजे योगायोगानं रिकीशीच्या अंत्यविधीला होती तेवढीच. डिसेंबर २०१९मध्ये त्याच बाजाराला चार दिवसांत साडेसात लाख लोक आले. तिथल्या पुस्तिकांत मेलेली पात्रं संसार थाटतात, चुकलेले तपशील दुरुस्त होतात आणि मूळ लेखकानं ज्याला कवच नाकारलं त्याला ते मिळतं. कायद्याच्या काटेकोर नजरेनं यातलं बरंच काही चालायला नको, पण बहुतेक जपानी प्रकाशक तिकडे काणाडोळा करतात. उद्याचे चित्रकार तिथूनच येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

काजिवारांची दुसरी कथा, ‘क्योजिन नो होशी’, एकदा आपल्या दारापर्यंत येऊन गेली. डिसेंबर २०१२मध्ये ‘कलर्स’ वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही चित्रमालिका लागली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबईतली गरीब वस्ती. मूळ कथेतला बाप मुलाच्या अंगावर लोखंडी स्प्रिंगांचा साज बांधून त्याचे दंड घडवतो. भारतीय आईबापांना हा छळ वाटेल, म्हणून तिथं सायकलच्या ट्यूब आल्या. जपानमध्ये हा बाप आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे, रागानं जेवणाचं बुटकं टेबल उलथून टाकण्यासाठी. वास्तविक मूळ चित्रकथेत तसा प्रसंग एकदाच येतो. दूरदर्शन मालिकेच्या शेवटच्या नामावलीबरोबर तो दर आठवड्याला दाखवला गेला आणि बाप रोजच टेबल उलथतो अशी साऱ्या देशाची समजूत झाली!

राहिला जो. काजिवारांनी लिहून दिलेला शेवट चिबांना पटला नाही. सामना हरलेला जो पुढे शांतपणे दिवस काढतो, असं काहीसं त्यात होतं. पाच वर्षं ज्याच्याबरोबर जागून काढली तो पोरगा असा संपणार नाही, असं चिबांना वाटलं. काजिवारांनी शेवट त्यांच्यावर सोपवला. दिवस थोडे उरले होते. मागची पानं चाळताना एका संपादकाला जोचंच एक जुनं बोलणं सापडलं. धुमसत राहायचं नाही, लखलखून जळायचं आणि मागे उरली तर फक्त पांढरी राख, अशा अर्थाचं. १९७३च्या मे महिन्यात शेवटचा अंक आला. जगज्जेत्या होसे मेंदोसाशी पंधरा फेऱ्या लढून, गुणांवर हरलेला जो आपल्या कोपऱ्यात स्टुलावर बसला आहे. हातमोजे काढून त्यानं योकोला देऊन टाकले आहेत. जिंकलेल्या होसेचे केस मात्र या एका सामन्यानं पांढरे झाले आहेत. जोची मान खाली झुकलेली, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. चित्रात रंगछटा जवळजवळ नाहीतच. नुसती पांढरी जागा.

तो मेला की दमून बसला? पन्नास वर्षं झाली, वाद मिटत नाही. मेलेला माणूस स्टुलावर असा तोलून बसेल का, असं एक पक्ष विचारतो. मेंदूला झालेली इजा आधीच्या कित्येक प्रकरणांत दाखवली आहे, ती काय उगाच, असं दुसरा म्हणतो. काजिवारा १९८७मध्ये गेले. चिबांना २०२४मध्ये जपानचा संस्कृती सन्मान मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले चित्रकथाकार. जो जिवंत आहे का, हा प्रश्न त्यांनी वाचकांवर सोडला आहे. सान्‌याच्या बाजारगल्लीत जोचा पुतळा उभा आहे. जवळच नामिदाबाशी, म्हणजे ‘अश्रूंचा पूल’, नावाचा चौक आहे. फाशीच्या माळाकडे नेल्या जाणाऱ्या कैद्यांना आप्त इथवर येऊन निरोप देत, म्हणून हे नाव. याच पुलाखाली जोच्या एकाक्ष गुरूची खोपटातली तालीम होती आणि हा पूल उलट्या दिशेनं पार करायचा, असं ते दोघे म्हणत. पूल केव्हाच गेला, चौकाच्या पाटीवर नाव तेवढं आहे. परदेशी चाहते पूल शोधत येतात आणि हातातलं पुस्तक उघडून, चित्रातला कोपरा नेमका कुठला यावर तिथंच उभ्या उभ्या वाद घालू लागतात.